फुटबॉल अकॅडमीचा फॉर्म भरताना काय वाटलं होतं? (अनुभव धागा)

काल माळा आवरताना तळहाताएवढे शिनगार्ड हाती लागले. आतून मार्करने माझ्याच अक्षरात लेकाचं नाव, अर्धं घामाने पुसलेलं. तिथेच बसले.

अकरा वर्षांचा होता. एलिट गटात निवड झाल्याचं कळल्यावर तो घरभर नाचला, आणि आम्ही दोघं रात्री दीडपर्यंत करार वाचत बसलो. चार दिवस सराव, शनिवार-रविवार सामने, शाळेच्या संघातून खेळायला बंदी. फी आणि प्रवासाचा हिशेब पैपैचा केला. धाकटीचा केलाच नाही. पुढची चार वर्षं तिचा गृहपाठ गाडीच्या मागच्या सीटवर झाला, आतला दिवा लावून. ती कधी तक्रार करायची नाही, त्याचंच आता जास्त लागतं.

पंधराव्या वर्षी अकॅडमीने त्याला सोडलं. फोन दोन मिनिटांचा. बूटही न काढता पलंगावर पडून राहिला. शाळेच्या संघातले मित्र तोवर दुरावले होते.

उंबरठ्यावर आहेत त्यांना माझं एकच सांगणं: मुलाला सोडता तेव्हा काय करता, हे अकॅडमीला आधी विचारा. कोण सांगतं, समोर बसवून की फोनवर, दुसरा क्लब शोधून देता का. तुमचेही अनुभव लिहा.

गोलकीपरची आई
धाकटीचं वाचून डोळे भरले गं. आमच्याकडे उलट, मोठा मागे पडला.
सविस्तर नंतर लिहिते, आत्ता मैदानाबाहेर उभी आहे. ग्लोव्हजचा वास कशाने जातो, कुणाला माहितीये?

डावा पाय
आमचा डिसेंबरचा. वयोगट १ जानेवारीपासून मोजतात, म्हणजे जानेवारीच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने लहान. १२ व्या वर्षी एका वर्षाचा फरक म्हणजे खांदाभर उंची! तीनदा 'अंगाने कमी पडतो' म्हणून परत पाठवला. फ्रान्सचा स्ट्रायकर ग्रीझमन, त्यालाही तिथल्या अकॅडम्यांनी उंचीवरून नाकारलं होतं. शेवटी स्पेनमध्ये रेआल सोसिएदाद क्लबने घेतलं आणि २०१८ ला तो फ्रान्सकडून विश्वचषक जिंकला. हल्ली काही ठिकाणी जन्मतारखेऐवजी शरीराच्या वाढीप्रमाणे गट पाडून खेळवतात, बायो-बँडिंग म्हणतात त्याला. तुमच्या अकॅडमीत आहे का, जरूर विचारा.

जुळ्यांचा बाबा
इंग्लंडचा स्ट्रायकर हॅरी केन, त्यालाही आर्सेनल क्लबने लहानपणी सोडलं होतं. तिथल्याच जेमी वार्डीला शेफील्ड वेन्सडे क्लबने १६ व्या वर्षी, आणि २०१६ ला तो लेस्टरकडून इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकला. धीर सोडू नका.

शिट्टी
दादा, ही नावं मलाही पाठ आहेत. पण मी दहा वर्षं मुलांना शिकवतोय, सोडलेल्यांपैकी बहुतेकांची गोष्ट कुणी सांगत नाही. मुलाला वार्डीचं नाव सांगून पुन्हा त्याच आशेवर बसवू नका. आधी रडू द्या.

जुळ्यांचा बाबा
पटलं. या अंगाने विचार केला नव्हता.

पाऊलवाट
गुडघ्याबद्दल लिहायलाच हवं. तेराव्या वर्षी लेकाच्या गुडघ्याच्या वाटीखाली सुपारीएवढं टेंगूळ आलं, हात लावला तरी कळवळायचा. सराव चुकला की जागा जाईल म्हणून दोन महिने लपवलं पोराने. निदान: ऑसगुड-श्लॅटर. हाड झपाट्याने वाढत असतं, मांडीचा स्नायू जिथे नडगीच्या हाडाला धरतो तिथे ओढ बसते. बरं होतं, पण भार कमी करावा लागतो. डॉक्टरांनी साधा हिशेब दिला, आठवड्याचे खेळाचे तास मुलाच्या वयापेक्षा जास्त नकोत. १३ वर्षं तर १३ तास. आम्ही प्रवास सोडून मोजले, १७ भरले.

मिडफिल्डरची ताई
मी आई नाही, बहीण आहे, मागच्या सीटवर वाढलेली. काकू, मला त्या गाडीतला वेळ आवडायचा. दादा सरावाला उतरला की आई फक्त माझी असायची. तुमच्या लेकीला एकदा विचारून बघा ना.

धागाकर्ती
ताई, आज रात्रीच विचारते. खूप बरं वाटलं.

सहा नंबर
लेकीचा अनुभव चांगला आहे, तोही यायला हवा. लाजाळू होती, आता रेफ्रीशी स्वतः बोलते. प्रशिक्षक प्रत्येक सरावाआधी २० मिनिटं फिफा ११+ चा, म्हणजे दुखापती टाळण्यासाठीच्या ठरावीक व्यायामांचा, वॉर्मअप घेतात, एकदाही टाळत नाहीत. मुलींना गुडघ्याच्या लिगामेंटचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो, त्यामुळे मी अकॅडमी निवडताना हेच पाहिलं. चषकांचं कपाट दाखवत होते, मी म्हटलं आधी सराव बघू द्या.

एक बाबा
आम्ही नाही म्हटलं. तीन दिवस बोलला नाही. आता सोळाचा आहे, शाळेकडून खेळतो, हसतखेळत असतो. तरी टीव्हीवर मोठा सामना लागला की मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसतो.

शिट्टी
@गोलकीपरची आई, ग्लोव्हज कोमट पाण्यात हाताने धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. उन्हात लेटेक्स तडकतं.

गोलकीपरची आई
अरे देवा, मी रोज गच्चीवर उन्हात टाकायचे! पाऊलवाट, गुडघ्याला पट्टा वापरलात का? आमचाही हल्ली जिना उतरताना कठडा धरतो.

पाऊलवाट
वापरला, खेळताना आराम पडायचा. पण आधी डॉक्टरांना दाखवा, याच आठवड्यात. आणि दुखतंय का असं विचारू नका, नाहीच म्हणेल. उकिडवा बसायला सांगा, चेहऱ्यावर कळेल.