मदत हवी आहे : जुन्या व्हिडिओ कॅसेटींवरचा मुंबई दूरदर्शनचा गाण्यांचा कार्यक्रम ओळखायचा आहे (बेळगाव)

नमस्कार मंडळी,

मी बेळगावची, शहापूर भागातली. ऐंशीच्या दशकात आमच्या बाबांची व्हिडिओ लायब्ररी होती. सिनेमाच्या कॅसेटी आणि सोबत व्हीसीआर एका रात्रीच्या भाड्यानं द्यायचे. लायब्ररी बंद होऊन जमाना झाला, पण कॅसेटींची खोकी माळ्यावर तशीच पडून होती. यंदा घराची कौलं उतरवायची ठरली म्हणून सगळं खाली काढलं. सिनेमांचं काही नाही, ते आता कुठंही मिळतात. मला काळजी आहे ती टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या कॅसेटींची.

थोडं मागचं सांगते, म्हणजे प्रश्न नीट कळेल. आमच्याकडे टीव्हीवर दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम दिसायचा आणि बेंगळूर केंद्राचा कन्नड. मुंबई केंद्राचं मराठी आमच्या घरच्या अँटेनाला काही यायचं नाही. बाबांनी बूस्टर लावून पाहिला, बांबू वाढवून पाहिला, पडद्यावर मुंग्याच. पुण्याला मात्र सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळं मुंबई केंद्र स्वच्छ दिसायचं आणि आत्या पुण्यात होती. मग आत्यानं तिकडं रेकॉर्ड करायचं, बेळगावला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती कॅसेट द्यायची आणि आम्ही ती आठवडाभर उशिरा बघायची, असं काही वर्षं चाललं. बघायला गल्लीतली निम्मी माणसं दुकानात जमायची. राष्ट्रीय कार्यक्रमातलं ‘चित्रहार’ आम्हाला इथंच दिसायचं, त्यामुळं आत्या ते सोडून द्यायची. तिच्या कॅसेटींवर आहे ते ‘छायागीत’ म्हणजे हिंदी सिनेगीतांचा कार्यक्रम, आणि ‘शब्दांच्या पलीकडले’सारखे स्टुडिओत बसून गायलेले मराठी गाण्यांचे कार्यक्रम.

त्यातल्या एका कॅसेटसाठी हा धागा. व्हीएचएस, ई-१८०, म्हणजे तीन तासांची. पाठीवरच्या पट्टीवर बाबांच्या अक्षरात आधी एका सिनेमाचं नाव आहे, त्यावर काट. खाली ‘छायागीत २’, त्यावरही काट. आणि अगदी तळाशी, जागा उरली नाही म्हणून बारीक अक्षरात : ‘पॉप. मुंबई. पूर्ण नाही.’

लग्नाचं शूटिंग करणाऱ्या ओळखीच्या दादांकडे अजून चालू व्हीसीआर आहे. त्यांच्याकडे लावून पाहिली. सुरुवात कापलेली आहे, त्यामुळं कार्यक्रमाचं नाव नाही. स्टुडिओत मागं काळा पडदा, त्यावर चंदेरी कागदाचे तारे. दोन गिटार, एक कीबोर्ड, ड्रम आणि पांढऱ्या फ्रेमचा चष्मा घातलेली गायिका. गाणी मराठी, पण भावगीताच्या चालीची नव्हेत, सरळ पाश्चात्त्य ठेक्यावरची. मी ती आजवर कुठल्याच कॅसेटवर वा रेडिओवर ऐकलेली नाहीत. तीन गाणी होतात, चौथं सुरू होतं आणि चित्र फाटतं. मधे निवेदिका मराठीतून बोलते, पण ट्रॅकिंग (टेप आणि यंत्राचा मेळ) इतकं हललंय की कलाकारांची नावं कळत नाहीत. बाबा आता थकलेत, पण एवढं ठामपणे सांगतात की ड्रमवाला मुलगा बेळगावच्या कॅम्पातला, म्हणजे लष्करी छावणीच्या भागातला होता आणि म्हणूनच आत्यानं ते मुद्दाम रेकॉर्ड केलं.

एका कॅसेटीचं एवढं काय, असं कुणाला वाटेल. म्हणून हे सांगते. बीबीसीचा ‘टॉप ऑफ द पॉप्स’ हा पॉप गाण्यांचा कार्यक्रम १ जानेवारी १९६४ ला सुरू झाला आणि दर आठवड्याला तो कोट्यवधी लोक बघत. तरी साठच्या दशकातले त्याचे पूर्ण भाग आज बोटांवर मोजण्याइतके उरलेत. दोन इंची व्हिडिओ टेप तेव्हा फार महाग, त्यामुळं एक कार्यक्रम झाला की ती पुसून दुसऱ्याला वापरायची, अशी रीतच होती. १६ जून १९६६ ला बीटल्स त्या कार्यक्रमात प्रत्यक्ष येऊन गेले, तो भागही पुसला गेला. २०१९ मध्ये त्यातले ११ सेकंद सापडले, तेही मुके. कुणीतरी घरच्या टीव्हीसमोर ८ मिलिमीटरचा कॅमेरा धरून ते टिपले होते आणि ती फिल्म निघाली मेक्सिकोतल्या एका संग्राहकाकडे. गायक डेव्हिड बोवीचा जानेवारी १९७३ चा भाग असाच गेला असं सगळे धरून चालले होते. पण कॅमेरामन जॉन हेन्शॉल यांनी आपल्या फिशआय (चित्र गोलाकार वाकवणाऱ्या) लेन्सची करामत दाखवायला त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवली होती, ती २०११ मध्ये बाहेर आली. म्हणजे जिथं जपायला हवं होतं तिथून गेलं आणि राहिलं ते कुणाच्या तरी घरात.

आपल्या दूरदर्शनच्या जुन्या कार्यक्रमांचंही पुष्कळसं हेच झालं. काही थेट प्रक्षेपित झाले, रेकॉर्डच झाले नाहीत. काही टेपा पुन्हा वापरात गेल्या. प्रसार भारतीच्या संग्रहानं यूट्यूबवर बरंच आणलंय, ते मी रात्र रात्र बसून चाळलं. नाटकं आहेत, मुलाखती आहेत, शास्त्रीय गायन आहे. हा कार्यक्रम नाही. आमच्या माळ्यावरची प्रत कदाचित एकुलती एक असेल, या विचारानं मला झोप येत नाही.

तर मला तीन बाबतींत मदत हवी आहे. पहिलं म्हणजे हा कार्यक्रम कुणाला आठवतो का? चंदेरी ताऱ्यांचा पडदा, पांढरा चष्मा, मराठी पॉप. कॅम्पातल्या जुन्या लोकांपैकी कुणाला तो ड्रमवाला माहीत असेल तर नाव इथं जाहीर लिहू नका, मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय मला काही पसरवायचं नाही. दुसरं, प्रक्षेपणाची तारीख कशी काढायची? आणि तिसरं, कॅसेटींवर पांढरी बुरशी दिसते आहे. आमचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. थोड्या कॅसेटी बीटामॅक्सच्याही (व्हीएचएसहून वेगळ्या जातीच्या) आहेत, त्या लावायला यंत्रच नाही.

---

निपाणीवाला

ताई, सगळ्यात आधी ती कॅसेट पुन्हा लावू नका! माझं पूर्वी व्हीसीआर दुरुस्तीचंच दुकान होतं, म्हणून कळकळीनं सांगतो. बुरशी असलेली टेप फिरली की ती पूड हेडच्या ड्रमवर (टेप वाचणाऱ्या फिरत्या भागावर) बसते, मग त्याच यंत्रात दुसरी चांगली कॅसेट घातली की तिलाही लागते. टेप चिकटलेली असली तर तुटतेसुद्धा. तुमच्या दादांना सांगा, हेड आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसून घ्या.

कॅसेटी घरात सगळ्यांसोबत ठेवू नका. बुरशीवाल्या वेगळ्या काढा, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत चार-सहा आठवडे ठेवा. ओली बुरशी पुसायला गेलात तर ती पसरते, वाळली की सुटते. त्यानंतर कवच उघडून साफ करायचं, उघड्यावर बसून आणि तोंडाला मास्क बांधून. हे काम येणाऱ्याकडूनच करून घ्या. टेप भट्टीत भाजतात असं कुठं वाचाल, खरं ते वेगळ्या रोगाला असतं, बुरशीला नव्हे.

आणि कॅसेटच्या पाठीच्या कडेला जो प्लास्टिकचा छोटा तुकडा असतो ना, तो आजच मोडून टाका. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी मग पुसणार नाही.

बीटाचं यंत्र माझ्याकडे एक आहे, बेल्ट गेलेला. सोनीनं ती यंत्रं २००२ लाच बंद केली, त्यामुळं नवीन भाग विसरा. खरं बेल्ट मापाचा मिळाला तर चालू करून देतो. पैसे नकोत.

---

सदाशिव पेठेतली मावशी

शहापूरकर, तारखेचं सांगते. तुम्ही चित्र फाटल्यावर कॅसेट थांबवलीत का? थांबवली असेल तर पुढचं बघायचं राहिलं. एकाच कॅसेटवर पुन्हा रेकॉर्ड केलं की नवीन जिथं संपतं त्याच्या पुढं जुन्याचं शेपूट उरतं. तुमच्या कॅसेटवर दोन काटा आहेत, म्हणजे खाली जुनं काहीतरी नक्की असणार. त्या शेपटात बातम्या, जाहिरात, मालिकेचा तुकडा, काहीही सापडलं तर तुमचा कार्यक्रम त्यानंतरचा, एवढं पक्कं होतं. ‘रामायण’ असलं तर २५ जानेवारी १९८७ च्या मागं जाताच येत नाही. असा धागा पकडायचा.

उतरवून घेताना एक करा. यूएसबीचं स्वस्त यंत्र वापरू नका, हलणाऱ्या चित्राला ते फ्रेमा गाळतं. मधे टाइम बेस करेक्टर (हलणारं चित्र स्थिर करणारं यंत्र) लावणाऱ्याकडं जा, ७२० बाय ५७६ या चित्राच्या मापात जसंच्या तसं घ्यायला सांगा आणि ‘चित्र सुधारून देतो’ म्हणाले तर मूळ प्रत आधी मागून घ्या. ट्रॅकिंग हललं तरी आवाज बऱ्याचदा शाबूत असतो. निवेदिका काय म्हणते ते हेडफोन लावून ऐका, नुसत्या टीव्हीवर कळणार नाही.

---

धागाकर्ती (शहापूर)

दोघांचेही मनापासून आभार. निपाणीवाले काका, कॅसेटी डब्यात बंद केल्या, तुकडे मोडले आणि दादांनी हेड पुसून घेतलं. पावसाळा संपला की बीटाच्या कॅसेटी घेऊन तुमच्याकडं येते.

मावशी, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं. पहिल्यांदा लावली तेव्हा दादांनी मोबाइलवर सगळं टिपलं होतं आणि यंत्र बंद करायचं विसरल्यामुळं पुढचंही त्यात आलं होतं. कॅसेटला हात न लावता तेच पाहिलं. थोडा वेळ मुंग्या, मग ‘छायागीत’चा शेवट आणि त्याला लागून ‘मिले सुर मेरा तुम्हारा’, बऱ्यापैकी पूर्ण. ते १५ ऑगस्ट १९८८ ला पहिल्यांदा लागलं. म्हणजे आमचा पॉपचा कार्यक्रम त्यानंतरचा. आणि आत्या १९९० च्या दिवाळीच्या आधी पुणं सोडून बडोद्याला मुलाकडं गेली, हे घरात सगळ्यांना पक्कं माहीत आहे. त्यामुळं ऑगस्ट १९८८ ते दिवाळी १९९०, एवढ्यातच तो लागला असणार.

हेडफोन लावून निवेदिका ऐकली. नावं अजून लागत नाहीत, पण ‘आजच्या दुसऱ्या भागात’ हे शब्द स्पष्ट आहेत. म्हणजे ही मालिका होती, एकच कार्यक्रम नव्हता. मला तर ते ऐकून अंगावर काटा आला.

आता वर्तमानपत्रं. त्या काळी ‘सकाळ’मध्ये, ‘केसरी’त, ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये रोजचे दूरदर्शनचे कार्यक्रम वेळेसकट छापून यायचे. बेळगावच्या ‘तरुण भारत’चे जुने अंक मी इथं बघते, पण त्यात मुंबई केंद्राचा तपशील असेलच असं नाही. पुण्यात किंवा मुंबईत कुणाला एखाद्या ग्रंथालयात त्या दोन वर्षांच्या फायली चाळता येतील का? संध्याकाळच्या मराठी कार्यक्रमांची चौकट तेवढी बघायची, ‘युवा’, ‘सुगम’, ‘पाश्चात्त्य’, ‘नवे सूर’ असलं काही नाव दिसलं की फोटो काढून इथं टाका. महिने वाटून घेऊ. ऑगस्ट ते डिसेंबर १९८८ साठी मावशी, तुम्ही तयार असाल तर सांगा. १९८९ चा पहिला अर्धा भाग कुणी घेता का?

आणि खानापूर, चिकोडी, कोल्हापूर, गडहिंग्लज भागातल्या मंडळींना विनंती : तुमच्याकडं लग्नाच्या किंवा सिनेमाच्या व्हीएचएस पडून असतील तर टाकण्याआधी शेवटपर्यंत चालवून बघा. सिनेमा संपल्यावर उरलेल्या टेपवर कुणी काय धरून ठेवलं असेल, सांगता येत नाही. चंदेरी तारे दिसले की लगेच कळवा.