‘गुहागरची मंडळी’ ग्रुप : लुकाचं सुतक

११ नोव्हेंबर २०२५

चिन्मय (प्लेनो): हाकलला!!! नऊ महिने लागले, पण निको हॅरिसनला शेवटी हाकलला 🙏

सुमनकाकू: चिन्मय, इथे रात्रीचे साडेदहा वाजलेत. कोण गेलं? केवढं धस्स झालं मला.

चिन्मय: आई, कुणी गेलं नाहीये. आमच्या बास्केटबॉल टीमचा, डॅलस मॅव्हरिक्सचा जनरल मॅनेजर. ज्याने आमच्या स्टार खेळाडूला, लुकाला, लॉस एंजेलिसच्या लेकर्सला देऊन टाकलं तो.

रोहन: म्हणजे तुझ्या ओमचं सुतक फिटलं 😂

मंजूआत्या: फेब्रुवारीत ओम दोन दिवस धड जेवला नव्हता, तेच ना? लुकाचा ७७ नंबरचा शर्ट घालून झोपायचं बिचारं पोर.

चिन्मय: तेच. शनिवारी रात्री झोपला तेव्हा लुका डॅलसचा होता, रविवारी उठला तर लॉस एंजेलिसचा. मलाच सांगावं लागलं.

बाळूकाका: एका नोकरदाराची नोकरी गेली यात एवढा जल्लोष कशाला ते कळलं नाही. आकडे बघा. लुकाला पुढच्या करारात पाच वर्षांचे जवळपास ३४.५ कोटी डॉलर द्यावे लागले असते. आपले तीन हजार कोटींच्या वर. एका माणसाला. वजन वाढलेलं, पोटरी दुखावलेली. बँकेत माझ्यापुढे हे प्रपोजल आलं असतं तर मी सही केली नसती.

चिन्मय: काका, २५ वर्षांचा होता तो! आठच महिन्यांपूर्वी त्यानेच टीमला फायनलला नेलं होतं.

बाळूकाका: आणि बॉस्टनकडून ४-१ हरले.

मंजूआत्या: त्या मुलाला आधी विचारलं होतं का?

तन्वी: नाही गं आत्या. तिकडे विचारावं लागतच नाही. करारात ‘माझ्या संमतीशिवाय पाठवायचं नाही’ असं कलम असेल तरच खेळाडू अडवू शकतो, आणि ते फार थोड्यांकडे असतं. उलट त्याचंच नुकसान झालं. तो मोठा करार फक्त डॅलसच देऊ शकत होतं, टीम बदलल्यावर तो हक्कच गेला. ऑगस्टमध्ये लेकर्सबरोबर तीन वर्षांचे साडेसोळा कोटीच डॉलर घेतले त्याने.

रोहन: ‘च’ किती सहज लावता येतो साडेसोळा कोटींना. साडेसोळा कोटीच 😭

रोहन: आपल्याकडे वेगळं काय झालं? नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईने हार्दिकला गुजरातकडून आणला, डिसेंबरात रोहितची कॅप्टनशिप गेली. पुढच्या एप्रिलला राजस्थानच्या मॅचला मी वानखेडेवर होतो. टॉसलाच एवढी हुर्यो की मांजरेकरला माइकवरून ‘नीट वागा’ म्हणावं लागलं. आणि सीझनला आपण दहापैकी दहावे.

मंजूआत्या: रोहितला तरी विचारलं होतं का?

सुमनकाकू: रोहन, तू ओरडत नव्हतास ना? आपल्या घरात ती रीत नाही.

रोहन: काकू, मी वडापाव खात होतो.

विश्वासकाका (एडिसन): नमस्कार मंडळी. हे नवीन नाही. मी १९७४ ला इकडे आलो तेव्हा लाँग आयलंडला नेट्स टीमकडून ज्युलियस अर्व्हिंग खेळत असे. डॉक्टर जे म्हणत त्याला. लोक फक्त त्याला बघायला जात. १९७६ ला त्यांची लीग बंद पडली, नेट्स एनबीएत, म्हणजे आत्ताच्या या मोठ्या लीगमध्ये, घेतले गेले, पण न्यूयॉर्कच्या निक्स टीमच्या हद्दीत खेळता म्हणून निक्सना ४८ लाख डॉलर द्या असं ठरलं. पैसे कुठे होते? ३० लाखांना डॉक्टर फिलाडेल्फियाला विकला. आदल्या वर्षी आपल्या लीगचे विजेते, पुढच्या वर्षी ८२ पैकी २२ जिंकले. हद्दीचं भाडं भरायला घरातलं सोनं मोडलं.

मंजूआत्या: दादा, तू तिथे बास्केटबॉल बघायला जायचास? अण्णांना पत्रात लिहायचास की लायब्ररीत अभ्यास करतो.

विश्वासकाका: मंजू, पन्नास वर्षं झाली.

बाळूकाका: दादाने माझाच मुद्दा सिद्ध केला. भावना वेगळी, ताळेबंद वेगळा. मालक बदलले की हिशोब होणारच. डॅलसच्या जुन्या मालकाने, क्यूबनने, २०२३ च्या डिसेंबरात हिस्सा ॲडेल्सन कुटुंबाला विकला, किंमत साडेतीनशे कोटी डॉलर धरली होती. कॅसिनोवाली माणसं. ती रडायला बसत नाहीत.

तन्वी: बाबा, खरा ताळेबंदाचा सौदा बघायचा तर बॉस्टनचा बघ. तेच, २०२४ ला जिंकलेले. या उन्हाळ्यात त्यांनी आपले दोन खेळाडू दिले, हॉलिडे पोर्टलंडला, पोर्झिंगिस अटलांटाला. खेळ बिघडला म्हणून नाही. २०२३ पासून एनबीएने टीमच्या एकूण पगारावर दोन रेषा आखल्यात. वरची ओलांडली की नुसता दंड नाही, हात बांधतात. दोघांचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा पिक गोठवतात. पिक म्हणजे नवीन पोरांमधून निवडायचा नंबर. शिवाय सारखे रेषेच्या वर राहिलात तर दंडाचा दरही चढतो. म्हणून चॅम्पियन टीम मोडली. लोक हळहळले, पण कारण सगळ्यांना दिसत होतं.

सुमनकाकू: तन्वी किती छान समजावते. लग्नाचं काय झालं गं त्या पनवेलच्या मुलाचं?

तन्वी: काकू 🙏

बाळूकाका: तेच तर मी म्हणतोय!

तन्वी: नाही बाबा, तू डॅलसच्या बाजूने म्हणतोयस. हॅरिसन स्वतः पैशाचं बोललाच नाही, ‘डिफेन्सने विजेतेपदं मिळतात’ म्हणाला. बरं, धंदाच होता असं धरू. मग भाव कुणाला विचारला? लेकर्सच्या मॅनेजरशी, पेलिंकाशी गुपचूप बोलला, बाकी २८ टीमना पत्ता नाही. आदल्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कने ब्रिजेससाठी पहिल्या फेरीचे पाच पिक मोजले होते, आणि तो एकदाही ऑलस्टार, म्हणजे वर्षाच्या निवडक खेळाडूंत, नव्हता. लुकासाठी डॅलसला किती? एक. तोही २०२९ चा. सोबत तरुण क्रिस्टी आणि ३१ वर्षांचा डेव्हिस, जो पहिल्याच मॅचला जखमी झाला. धंदा म्हणून विकणारा चार ठिकाणी भाव काढतो.

मंजूआत्या: चार ठिकाणी भाव काढतो. बाळू, वाच.

रोहन: आई, नको.

बाळूकाका: मंजू, विषय बास्केटबॉलचा चालू आहे.

मंजूआत्या: मी कुठे काय म्हटलं? पऱ्ह्याकडच्या तुकड्याचं नावसुद्धा काढलं नाही मी. अकरा हापूसची कलमं होती त्यात. अण्णांनी लावलेली.

बाळूकाका: गडगा पडला तेव्हा कोण आलं होतं? घरपट्टी, राखण्याचा पगार, पंपाची दुरुस्ती, बारा वर्षं कुणाच्या खात्यातून गेली? आंबे खायला मात्र सगळे वेळेवर. एक गिऱ्हाईक होतं, रोख देत होतं.

चिन्मय: काका, आत्या, प्लीज. मी फक्त निकोची बातमी टाकली होती.

सुमनकाकू: 🌺 शुभ रात्री. ज्याच्या मनात समाधान त्याच्या घरात दिवाळी 🌺

बाळूकाका: आणि डॅलसचं वाईट झालं कुठे? मे महिन्यात पिकच्या लॉटरीत १.८ टक्के शक्यता असताना पहिला नंबर लागला, कूपर फ्लॅगसारखा पोरगा मिळाला. कधीकधी देवच भरपाई करतो.

तन्वी: बाबा, लॉटरी लागली म्हणून आधीचा सौदा शहाणपणाचा ठरत नाही. या सीझनला आजवर ३ जिंकलेत, ८ हरलेत.

चिन्मय: आणि विकल्यानंतर महिन्याभरात सीझन तिकिटं साडेआठ टक्क्यांच्या वर महाग केली. काका, याला मी धंदा नाही म्हणत. मी सहा वर्षं तिकीट घेत होतो, यंदा सोडलं. एप्रिलमध्ये लुका पहिल्यांदा परत आला तेव्हा ओमला घेऊन गेलो होतो. खुर्च्यांवर टीशर्ट ठेवलेले, त्याच्या स्लोव्हेनियन भाषेत ‘सगळ्याबद्दल आभार’. व्हिडिओ लागला तर तो टॉवेलमध्ये तोंड घालून रडला. आणि मग आमच्यावरच ४५ पॉइंट.

मंजूआत्या: आधी विकायचं आणि मग आभाराचा शर्ट. आम्हाला तोही मिळाला नाही.

रोहन: आत्ता ओमची टीम कुठली?

चिन्मय: ते विचारू नकोस. जर्सी ७७ चीच, पण आता पिवळी. मला गाडीत बसवत नाही त्याला ती घालून.

विश्वासकाका: मीही डॉक्टर गेल्यावर नेट्सला परत गेलो नाही. फिलाडेल्फियाला बसने जाऊ लागलो.

मंजूआत्या: म्हणजे लायब्ररी फिलाडेल्फियाला होती.

बाळूकाका यांनी हा मेसेज डिलीट केला

मंजूआत्या: मी वाचला होता हं तो.

रोहन: आई, झोप.

विश्वासकाका: बाळू, मीही कधी विचारलं नाही, माझी चूक. तो तुकडा नक्की केवढ्याला गेला?

सुमनकाकू: अगंबाई.

बाळूकाका: दादा, उद्या फोन करतो.

मंजूआत्या: ग्रुपवरच सांग.