शेजारच्या जंतूकडून मिळणारा प्रतिरोध

औषधाचा कोर्स अर्धवट सोडणाऱ्याच्याच पोटात प्रतिरोधी, म्हणजे औषधाला न जुमानणारे, जंतू तयार होतात, हे मत मला अपुरे वाटते, कारण हगवणीच्या शिगेला या जिवाणूला हा गुण आतड्यातल्या निरुपद्रवी ई. कोलाय जिवाणूकडूनही आयता मिळू शकतो. या गुणाची जनुके प्लाझ्मिडवरून जातात; प्लाझ्मिड हे मुख्य गुणसूत्राबाहेरचे डीएनएचे छोटे कडे असते. दाता जिवाणू पायलस नावाच्या तंतूने दुसऱ्याला जवळ ओढतो, कड्याचा एक धागा पलीकडे सरकतो आणि दोन्हीकडे जोडीचा धागा तयार होऊन दोघांकडेही पूर्ण प्लाझ्मिड राहते. देणाऱ्याचे काहीच कमी होत नाही. जपानमध्ये १९५० च्या दशकात सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन या चारही औषधांना न जुमानणारी शिगेला पसरली, ती यामुळेच.

आपल्याकडे कोल्हापुरात लॅबच्या कल्चर रिपोर्टवर (जंतू वाढवून औषधे तपासल्याच्या अहवालावर) चार-पाच औषधांपुढे ओळीने ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे प्रतिरोधी) दिसतो, तेव्हा ती जनुके अनेकदा एकाच कड्यावर असतात, आणि त्यांपैकी एकच औषध वापरले तरी बाकीचा प्रतिरोधही टिकून राहतो. म्हणूनच साध्या जुलाबाला डॉक्टरांना न विचारता मेडिकलमधून प्रतिजैविक आणणे मला फार घातक वाटते. बहुतेक वेळा ओआरएस पुरते. पंचगंगेच्या पुरानंतर, २०१९ आणि २०२१ मध्ये मैलापाणी सगळीकडे पसरले होते तशा दिवसांत तर, पाणी उकळूनच प्यावे.