नैरोबीला खोकं पाठवायचंय, कुरिअरचा हिशोब जुळेना

खानापूरहून: कॉलेजच्या पोरांनी नैरोबीतल्या अनाथाश्रमासाठी स्वेटर, खेळणी जमवल्यात. वजन ६ किलो, खोकं ५०×४०×४० सेंमी. कुरिअरवाला १६ किलोचे पैसे मागायलाय. फसवायलाय काय ओ?

उत्तर: नाही ओ. खोकं हलकं पण मोठं असलं की कुरिअरवाले आकारावरून वजन धरतात: सेंमीत लांबी×रुंदी×उंची भागिले ५०००, म्हणजे १६. स्वेटर हवा काढलेल्या पिशवीत दाबा. उंची २० वर आली की ८ किलोच.

उत्तर: पोस्टातही विचारा. सीएन २३ या कस्टमच्या फॉर्मवर नुसतं ‘कपडे’ नको. ‘लोकरी स्वेटर, १२ नग’, किंमतीसकट. शून्य किंमत टाकली की खोकं अडकलंच समजा. खेळण्यांतले सेल काढा.

उत्तर: त्याआधी आश्रमाला विचारा, तिकडचं कस्टमचं शुल्क कोण भरणार? नाहीतर खोकं गोदामात, भाडं वाढत.