काल्पनिक बेटराष्ट्राचे सरकारी नभोवाणी महामंडळ: नाटकासाठी माहिती हवी आहे

अंत्रुजकर:
नमस्कार. फोंड्यातील आमची हौशी मंडळी यंदाच्या जत्रेसाठी नवे दोन अंकी नाटक बसवीत आहेत आणि ते लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. नाटक एका काल्पनिक बेटराष्ट्रात घडते. परकी सत्ता जाऊन तेथे दहा वर्षे झाली आहेत, लोक दोन भाषा बोलतात, आणि साऱ्या देशात एकच नभोवाणी आहे. ती कायद्याने स्थापन झालेल्या महामंडळाच्या हाती असून त्या महामंडळाची मालकी राज्याची आहे. संपूर्ण नाटक एका रात्री तेथील वृत्तकक्षात घडते.

पहिल्या खर्ड्यात मी तांबड्या शाईने बातम्या खोडणारा एक सेन्सॉर अधिकारी आणला होता. वाचनाच्या वेळी आमच्या दिग्दर्शकांनी त्याला हरकत घेतली. असा माणूस पोर्तुगीज अमदानीत शोभला असता, पण स्वायत्त म्हणवणाऱ्या महामंडळात सत्ता अशी उघड येऊन बसत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे आणि ते मला पटले. मग ती येते कशी? या महामंडळाचा कायदा, पैसा आणि दोन भाषांची वाटणी कशी दाखवली, तर जाणत्या प्रेक्षकाला ती खरी वाटेल?

म्हादईकाठ:
आपण आधी दोन गोष्टी ठरवाव्यात: संचालक मंडळाला नेमणारा आणि काढणारा कोण, आणि महिन्याच्या शेवटी पगार कोठून येतो. बाकीचा कायदा कितीही सुंदर लिहिला, तरी सत्ता याच दोन दारांतून आत येते.

बीबीसी १९२७ पासून राजसनदेखाली चालते आणि तिचा मुख्य आधार परवाना शुल्क हा आहे; ते शुल्क घरोघरचे लोक देतात, मात्र त्याचा दर सरकार ठरवते. आपल्याकडे प्रसार भारतीचा कायदा १९९० मध्ये संमत झाला, पण अमलात यायला १९९७ उजाडले, आणि कर्मचाऱ्यांचे वेतन आजही मुख्यतः सरकारी अनुदानातून होते. आपल्या नाटकातील महासंचालकाच्या मेजावर तांबडी शाई नसली तरी चालेल. अनुदानाचा तिसरा हप्ता अद्याप जमा न झाल्याचे पत्र तेथे असू द्यावे.

आपले राष्ट्र बेट आहे, म्हणून आयर्लंडचे उदाहरण मुद्दाम सांगतो. तेथील १९६० च्या प्रसारण कायद्याच्या ३१ व्या कलमाने मंत्र्याला लेखी आदेश देऊन एखादा विषय प्रसारणातून वगळायला लावण्याचा अधिकार दिला होता. नोव्हेंबर १९७२ मध्ये आयआरए या सशस्त्र संघटनेच्या प्रमुखाच्या मुलाखतीचा वृत्तांत रेडिओवरून गेला आणि सरकारने आरटीई या सार्वजनिक प्रसारण संस्थेचे संपूर्ण नियामक मंडळच बरखास्त केले. मुलाखत घेणाऱ्या वार्ताहराने ध्वनिफितीवरील आवाज कोणाचा हे न्यायालयात सांगण्यास नकार दिला, म्हणून त्याला कारावास झाला. त्या कलमाखालचे आदेश १९९४ पर्यंत चालू राहिले. इतक्या वर्षांत मंत्र्याला रोज फोन करावा लागला नसेल, कारण नव्या मंडळाला कुंपण कोठे आहे ते आधीच कळले होते. आपल्या नाटकातील महासंचालक अशाच एका बरखास्तीनंतर नेमलेला दाखवावा.

संध्यासभा:
मी एका सरकारी नभोवाणी केंद्रावर पुष्कळ वर्षे निवेदिका होते. वरील प्रतिसाद योग्यच आहे, पण कायदा आणि अनुदान रंगमंचावर दिसत नाहीत. रंगमंचावर दिसतो तो उशीर, आणि नाट्य असेल तर तेथेच आहे.

३१ ऑक्टोबर १९८४ चा दिवस आठवून पाहावा. पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्यावर सकाळी गोळ्या झाडल्या गेल्या आणि आकाशवाणीने त्यांच्या निधनाची बातमी सायंकाळी सहाला दिली. तोवर असंख्य भारतीयांनी ती बीबीसीवरून ऐकलेली होती. त्या तासांत देशातील प्रत्येक केंद्रावर कोणीतरी माईकसमोर बसलेले होते, आणि आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट श्रोत्यांनाही ठाऊक आहे, तरी ती आपल्या तोंडून जाता कामा नये, हे ओझे त्या माणसाने कसे वाहिले असेल याचा मी आजही विचार करते. त्या वेळी कोणी खोटे वाक्य वाचायला सांगत नाही. बातमीपत्राची वेळ जवळ येते, वरून कागद येत नाही, आणि ड्यूटी रूममधून एवढेच सांगतात की अजून थोडे संगीत चालू द्या. आम्ही त्याला फिलर म्हणत असू. बहुधा सतार किंवा बासरी. श्रोते मूर्ख नसतात. नेहमीचा कार्यक्रम थांबून संथ वाद्यसंगीत सुरू झाले की काहीतरी विपरीत घडले आहे हे स्वयंपाकघरातल्या बाईलाही कळते.

आपला सेन्सॉर अधिकारी काढून टाका आणि त्याच्या जागी रंगमंचावर भिंतीवरचे घड्याळ ठेवा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

बांबोळीचा माळ:
भाषांविषयी थोडे. सरकारी प्रसारणात दुसऱ्या भाषेला थेट नाकारले जात नाही, तिला गैरसोयीची वेळ दिली जाते: मुख्य बातमीपत्र एका भाषेत रात्री आठला, दुसऱ्या भाषेत तेच दुपारी, जेव्हा शेतकरी शेतात आणि मच्छीमार होडीत असतो. आयर्लंडमध्येच आयरिश भाषिकांनी १९७० मध्ये कोनेमारा भागात बेकायदा केंद्र चालवले, आणि १९७२ मध्ये त्या भाषेची स्वतंत्र सरकारी वाहिनी सुरू झाली. मागणी अर्जाने पुढे सरकली नव्हती, ती प्रक्षेपकाने सरकली.

आपल्या गोव्याला हे नवे नाही. पणजीचे सरकारी केंद्र पोर्तुगीज राजवटीच्या बाजूने बोलत असताना, नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो सरहद्दीपलीकडच्या जंगलातून, एका ट्रकात बसवलेल्या प्रक्षेपकावरून, कोकणी आणि पोर्तुगीज भाषांत मुक्तीचा आवाज पोहोचवीत होते, आणि हे व्रत त्यांनी १९६१ पर्यंत चालवले. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाने बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर हल्ला केला, यावरून प्रक्षेपकाचे मोल सैन्याला किती वाटते ते कळते. समुद्रापलीकडून ऐकू येणारे एखादे केंद्र आपल्या नाटकात अवश्य असावे. एकट्या सरकारी केंद्राचे मौन प्रेक्षकांच्या लक्षात येणार नाही. पलीकडचा आवाज शेजारच्या खोलीतून येऊ लागला की ते मौन ऐकू येते.

अंत्रुजकर:
आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. सेन्सॉर अधिकारी गेला. दुसऱ्या अंकाचा पडदा उघडतो तेव्हा घड्याळात आठला पाच मिनिटे कमी आहेत, राष्ट्राध्यक्ष दुपारीच वारले आहेत, आणि शिपायाच्या खिशातल्या छोट्या रेडिओवर परदेशी केंद्र ते सांगत आहे. निवेदिका दुसऱ्या भाषेची आहे. एरवी तिची पाळी दुपारची, आज ती कोणाच्या तरी बदली आली आहे.

संध्यासभाताई, एकच शंका. ती रात्र उलटून गेल्यावर उशिराचा पुरावा केंद्रात कोठे उरतो का? नाटकाचा शेवट मला त्यावर उभा करायचा आहे.

संध्यासभा:
उरतो. वेळापत्रकापेक्षा वेगळे काही वाजले की किती वाजता काय लावले आणि ते किती मिनिटे चालले, याची नोंद ड्यूटीवरच्या माणसाला वहीत करावी लागे. कारणाचा रकाना कोरा ठेवता येतो, मिनिटांचा नाही. आपल्या निवेदिकेला ती वही भरू द्यावी, आणि भरताना तिने प्रत्येक आकडा मोठ्याने उच्चारावा, आपल्या भाषेत.