रिसीव्हर चालवायला असिंकआयओ हवंच का?

खर्जप्रेमी:
घरातला ऑडिओ रिसीव्हर पायथॉनमधून चालवायचा तर असिंकआयओच (एकाच लूपमधे अनेक कामं आलटून-पालटून चालवणारी पायथॉनची लायब्ररी) घ्या, असं माझं आता ठाम मत झालंय. वेगासाठी नाही हं. लोक काय धरून चालतात, आपण सांगायचं आणि त्याने करायचं, पण तो स्वतःहूनही बोलत असतो ना! डेनॉन कंपनीच्या रिसीव्हरचंच बघा, नेटवर्कवरच्या पोर्ट २३ वर कनेक्शन उघडं ठेवलं आणि कोणी हाताने व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की "एमव्ही५०", "एमव्ही५०५" अशा व्हॉल्यूम सांगणाऱ्या ओळी न विचारता येत राहतात. म्हणजे मुळात कोड ऐकणारा हवा, बोलणं अधूनमधून.

सरळरेषा:
नाही पटत. माझा प्रोग्राम साठेक ओळींचा आहे, एक थ्रेड (प्रोग्राममधलं समांतर चालणारं काम) सॉकेट, म्हणजे रिसीव्हरचं कनेक्शन, वाचत बसतो, दुसरा कमांड पाठवतो, संपलं. असिंक एकदा घरात घेतलं की जिथेतिथे अवेट (इथे थांब, तोवर दुसरी कामं चालू दे) लिहित बसा, आणि एखाद्या कोपऱ्यात साधं टाइम.स्लीप, म्हणजे सगळंच थांबवणारी विश्रांती, राहून गेलं तर अख्खा लूप तिथेच अडकतो. थ्रेडमधे अडकला तर तो एकटा अडकतो.

खर्जप्रेमी:
रिसीव्हर एकटा असेल तोवर ठीक. पण दुसऱ्या खोलीत ऑनकियो कंपनीचा रिसीव्हर आला, त्याचं पोर्ट ६०१२८ आणि भाषाही वेगळी, वर दिवे, टायमर, की मग प्रत्येकाला दोन-दोन थ्रेड देणार का? आणि बऱ्याच जुन्या मॉडेल्समधे एका वेळी एकच कनेक्शन मिळतं, त्यामुळे ते एकानेच धरून ठेवायचं आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे मागायचं, हे एका लूपमधे फार स्वच्छ बसतं.

पन्नासमिली:
तुम्ही दोघं भलत्याच गोष्टीवर भांडताय. त्रास होतो तो प्रोटोकॉलचा, म्हणजे रिसीव्हरशी बोलायच्या नियमांचा. डेनॉनच्या कागदात स्पष्ट लिहिलंय, दोन कमांडमधे निदान ५० मिलिसेकंद जाऊ द्या आणि चालू करायची कमांड दिल्यावर पुढची १ सेकंदानंतर. असिंकमधे हे मोडणं फार सोपं आहे, मी स्वतः गॅदरमधे (अनेक कामं एकदम सुरू करणारं फंक्शन) चालू कर, सोर्स बदल, व्हॉल्यूम लाव असं तिन्ही एकदम सोडलं, रिसीव्हर चालू झाला पण सोर्स जुनाच, एरर कुठेच नाही, आणि मी तासभर केबली काढून घालत बसलो.
दुसरं म्हणजे ओळ वाचणं. "एमव्ही"ने सुरू होते ती व्हॉल्यूमची, असं मी धरलं होतं. पण तिच्या मागोमाग "एमव्हीमॅक्स ९८" अशी कमाल व्हॉल्यूमचीही ओळ येते, आणि ५०५ म्हणजे पाचशे पाच नव्हे, साडेपन्नास. माझा स्लायडर टोकाला जाऊन चिकटायचा तो ह्यामुळे. यात असिंकचा काय संबंध?

खर्जप्रेमी:
शंभर टक्के मान्य, गॅदर तिथे नकोच. पाठवणारा टास्क (लूपमधलं एक काम) एकच ठेवायचा, क्यूमधून, म्हणजे रांगेतून, एकेक कमांड काढायची, मधे अवेट करून थांबायचं.

सरळरेषा:
अरे मग हेच मी थ्रेडमधे करतोय की!

खर्जप्रेमी:
फरक पडतो तो अडकलेलं सोडवताना. कोणी रिसीव्हरचा प्लगच काढला तर सॉकेटला ते कळत नाही, वाचणारा बिचारा वाट बघतच बसतो. मी वेट_फॉर (वाट बघायला वेळेची मर्यादा) लावून ६० सेकंद काही आलं नाही तर "पीडब्ल्यू?", म्हणजे चालू आहेस का, असं पाठवतो, उत्तर खरं तर २०० मिलिसेकंदात यायला हवं, २ सेकंदातही नाही आलं तर टास्क कॅन्सल करून नवं कनेक्शन. थ्रेडला असं बाहेरून थांबवता येत नाही.

सरळरेषा:
सॉकेटला टाइमआउट लावता येतो, थांबवायची वेळच येत नाही. उलट तुमच्याकडे क्रिएट_टास्कने बनवलेला टास्क कुठे धरून नाही ठेवला तर तो मधेच नाहीसा होऊ शकतो, लूप त्याला घट्ट पकडत नाही, आणि असली चूक शोधणं महाकठीण. मी थ्रेडच ठेवणार. एमव्हीमॅक्सची तपासणी मात्र माझ्या कोडमधे नाहीये, ती आत्ताच घालतो.