डिस्कॉइड ल्युपस: गोळीचे तीन आठवडे झाले, चट्टा तसाच आहे

जुळे_सोलापूर:
बहिणीच्या गालावर आणि कानाच्या वाटीत चट्टे आहेत. बायोप्सीत डिस्कॉइड ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर उलटते तो आजार) निघालं. वय ३४, वजन ४८ किलो. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन २०० मिग्रॅ रोज एक, तीन आठवडे झाले, फरक नाही. क्लोबेटासोल हे स्टेरॉइड मलम दोन महिने चालू आहे, कातडी पातळ दिसायला लागलीय. स्कूटीवर जाते, सनस्क्रीन घामानं वाहून जातं. गोळी बदलून घ्यावी का?

त्वचा_ओपीडी:
एवढ्यात नको. या गोळीचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. मात्रा दर किलोला दिवसाला ५ मिग्रॅपर्यंतच, म्हणजे ताईंना २४०च्या आत. २०० बरोबर आहे. ४०० केली तर डोळ्याच्या पडद्याचा धोका वाढतो. पडद्याची पहिली तपासणी वर्षाच्या आत आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी करा. किडनीचा विकार असेल तर दरवर्षीची तपासणी आधीच सुरू होते.

फरक बघायचा तो कडेला. कड लाल, उंच आणि खपली घट्ट असेल तर आजार चालू आहे. मधली पांढरी, खोलगट जागा म्हणजे वण. तिथे स्टेरॉइड कितीही चोळलं तरी रंग परत येत नाही, कातडी मात्र विरत जाते. चेहऱ्यावर दोन महिने क्लोबेटासोल फार झालं. याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा आणि टॅक्रोलिमस ०.१ टक्के हे बिगर-स्टेरॉइड मलम चालेल का विचारा. ते पहिले काही दिवस जळजळतं, म्हणून लोक सोडून देतात. सोडू नका.

खपली उचकटू नका. तिच्या खालच्या बाजूला बारीक खिळ्यांसारखी टोकं असतात, ती केसांच्या मुळांत रुतलेली असतात. ओढलं की जखम होते आणि त्या जखमेवर नवा चट्टा उठू शकतो. चट्ट्याजवळ थ्रेडिंग किंवा नवं कान टोचणंही त्याच कारणानं टाळा.

फार्मसी_सातरस्ता:
सनस्क्रीन एसपीएफ ५०, यूव्हीए (उन्हातले त्वचेत खोल जाणारे अतिनील किरण) संरक्षणाचं आणि वॉटर रेझिस्टंट घ्या. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून बुडापर्यंत रेघ ओढा. चेहरा आणि मानेला एवढं लागतं. निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लावा, उन्हात असेपर्यंत दर दोन तासांनी पुन्हा. घाम चोळून पुसू नका, टिपा आणि मग परत लावा. कानाची वाटी, ओठ आणि भांग हमखास राहतात.

तोंडाला बांधायचा स्टोल उजेडापुढे धरून बघा. बोटं दिसली तर ऊनही आत येतं. घट्ट विणीचा, गडद रंगाचा घ्या. ऑफिसात खिडकीपासून लांब बसा, यूव्हीए काचेतून येतं. सोलापूरचा मे तर सोडाच, जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या थंडीतही हे चालू ठेवा.

त्वचा_ओपीडी:
राहिलेलं एक: विडी-सिगारेट ओढत असतील तर हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचा गुण कमी येतो आणि चट्टेही बळावतात. घरातला धूरही बंद करा. ल्युपस कधी कधी त्वचेपुरता न राहता शरीरात पसरतो, म्हणून लघवीतली प्रथिनं, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी) झालं नसेल तर आत्ता करून घ्या. पुढे सांधे सुजले, ताप राहिला, तोंडात फोड आले, लघवीला फेस आला किंवा पाय सुजले तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा.